बाटली कोण उचलतं आणि कोण परत ठेवतं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. राजापूरजवळ घरची रातांब्याची, म्हणजे कोकमाची झाडं आहेत. चार वर्षं तुम्ही आणि जाऊबाई मिळून कोकम सरबत, आगळ (कोकमाचा खारवलेला घट्ट रस), आमसुलं आणि थोडी आंबापोळी करता. मे महिन्यात आणि गणपतीत माल हातोहात जातो, पण दिवाळी ते शिमगा बाटल्या पोटमाळ्यावर पडून राहतात. भाचा म्हणतो, इन्स्टाग्रामच्या जाहिरातीवर वीस हजार घाला. मार्केटिंग आणि मार्केट रिसर्च ही आपल्यासारख्यांची कामं आहेत का, आणि असली तर सुरुवात कुठून करायची?

वीस हजार तूर्त बँकेतच राहू देत. जाहिरातीने माणूस दुकानापर्यंत येतो. तो बाटली उचलून परत का ठेवतो हे तुम्हाला ठाऊक नसेल, तर तुम्ही पैसे देऊन जास्त माणसांना बाटली परत ठेवायला बोलावताय. मी अकरा वर्षं एका मोठ्या कंपनीचा साबण आणि चहा घेऊन मंडणगडपासून सावंतवाडीपर्यंत दुकानं पालथी घातली. गेली तेरा वर्षं तुमच्यासारख्या छोट्या उत्पादकांबरोबर काम करतोय. त्यात सगळ्यात महाग पडलेली चूक माझी स्वतःचीच आहे, म्हणून आधी ती सांगतो.

कंपनी सोडल्यावर मी कुळथाच्या पिठीचं तयार पाकीट काढायचं ठरवलं. गरम पाणी ओतायचं की पिठी तयार. रिसर्चही केला, म्हणजे मला तेव्हा तसं वाटलं. दादर आणि लालबागला ओळखीच्या, कोकणातून आलेल्या घरांत फिरलो आणि विचारलं, ‘असं पाकीट आलं तर घ्याल का?’ सगळे म्हणाले, घेऊ की! एका मावशींनी तर डोळ्यांत पाणी आणून आईच्या हातच्या पिठीची आठवण सांगितली. मी दोनशे पाकिटं केली. पन्नासही खपली नाहीत, उरलेल्यांना पोरकिडे लागले.

नंतर त्याच घरांत पुन्हा गेलो तेव्हा स्वयंपाकघरातल्या फळीकडे बघितलं. प्रत्येक घरात प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारलेलं कुळथाचं पीठ होतं. गणपतीहून परतताना आईने, काकूने, नाहीतर वहिनीने बांधून दिलेलं, फुकटचं. माझी स्पर्धा कुठल्या दुसऱ्या ब्रँडशी नव्हतीच. ती गाठ मारलेल्या पिशवीशी होती आणि तिच्यापुढे मी हरणारच होतो.

यातून रिसर्चचे दोन नियम निघतात. पहिला, ‘घ्याल का?’ हा प्रश्न विचारायचाच नाही. आपल्याकडे तोंडावर ‘नाही’ म्हणणं उद्धटपणाचं, त्यामुळे सगळे ‘हो’ म्हणतात आणि तुम्ही त्या ‘हो’च्या भरवशावर साखरेची पोती आणता. भविष्याबद्दल माणूस मनापासून खोटं बोलतो. भूतकाळाबद्दल विचारा: घरात कोकम शेवटचं कधी आणलं? कुठून? किती? कोणी आणलं? ते संपलं का, की अजून फ्रीजच्या दारात आहे? मागच्या उन्हाळ्यात पाहुणे आले तेव्हा काय प्यायला दिलंत? उत्तराला तारीख, जागा आणि रक्कम चिकटलेली असेल तर ते कामाचं. दुसरा नियम असा की गिऱ्हाईक आज ती गरज कशाने भागवतोय ते बघायचं. सरबताचा प्रतिस्पर्धी शेजारच्या गावातली बाटली असेल, लिंबू असेल, थंड पेयाची बाटली असेल, किंवा काहीच नसेल. ‘काहीच नको’ हा सगळ्यात तगडा प्रतिस्पर्धी असतो.

किती लोकांना विचारायचं, असं पुढे विचाराल. एकाच तऱ्हेच्या पंधरा-वीस गिऱ्हाइकांशी निवांत बोललात की उत्तरं फिरून तीच यायला लागतात, तिथे थांबायचं. अट एकच, ती माणसं नात्यातली नकोत. आपल्या माणसांना आपली आंबापोळी गोडच लागते. आणि वीस जणांच्या बोलण्यातून ‘का’ कळतं, ‘किती’ कळत नाही. वीसपैकी बारा जणांनी होकार दिला म्हणून साठ टक्के बाजार आपला, असा हिशेब मांडू नका. ‘किती’ कळायला थोडा माल प्रत्यक्ष विकायलाच लागतो.

आता बघण्याबद्दल. हे काम घरबसल्या होत नाही.

काही वर्षांपूर्वी कणकवलीच्या अलीकडे महामार्गावरच्या एका स्टॉलवर मे महिन्यात मी दोन दिवस नुसता बसून होतो. स्टॉल एका काकींचा. त्यांची तक्रार अशी, ‘येतत, बघतत नि ठेवन जातत.’ त्यांच्या मते भाव जास्त होता, म्हणून त्या दहा रुपये उतरवायच्या बेतात होत्या. मी वहीत चार रकाने पाडले: थांबले, बाटली हातात घेतली, परत ठेवली, विकत घेतली. समोर वेळ, आणि जमेल तसं तोंडचं वाक्य.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत काकींचंच खरं वाटलं. बाटली परत ठेवणाऱ्याला ‘का हो?’ विचारलं की उत्तर यायचं, ‘जरा महाग आहे.’ मग मी तोंडाकडे बघणं सोडून हातांकडे बघायला लागलो. बाटली उचलणारी बहुतेक वेळा बाई असायची. ती लेबल वाचायची, तारीख बघायची, मान डोलवायची. मग तिचा नवरा, किंवा गाडी चालवणारा जो कोणी असेल तो, बाटली हातात घेऊन उलटी करायचा. झाकणाखाली बोट फिरवायचा आणि ते बोट पँटला पुसायचा. बाटली परत. एक जण तर बायकोला स्पष्टच म्हणाला, ‘अगं, सीटवर सांडलं तर डाग जन्मात जायचा नाही.’ पाच मिनिटांनी मी त्यालाच विचारलं, का नाही घेतलंत? ‘महाग वाटलं.’

खोटं बोलायचं त्याच्या मनात नसावं. ‘महाग’ हा शब्द सोपा आहे, कोणाला लागत नाही आणि पुढे वाद होत नाही, एवढंच. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये जे मांडलं ते इथे डोळ्यांपुढे घडत होतं: तेवढ्याच लाभाच्या आनंदापेक्षा तोट्याची धास्ती मनावर जड बसते. सरबताचा आनंद एका पारड्यात, नव्या गाडीच्या सीटवरचा लाल डाग दुसऱ्यात. काकींनी भाव उतरवला असता तर झाकण गळतच राहिलं असतं आणि वर प्रत्येक बाटलीमागे दहा रुपये गेले असते. आम्ही झाकणाखाली सील बसवून घेतलं, बाटली जाड पिशवीत घालून पिशवीचं तोंड चिकटवलं आणि स्टॉलवर एक भरलेली बाटली आडवी ठेवली, पांढऱ्या रुमालावर. दिवसभर तशीच. पाटी नाही, काही नाही. भाव तोच ठेवला आणि खप हलला. रुमालाची कल्पना काकींची, माझी नव्हे.

त्याच दोन दिवसांत आणखी एक गोष्ट दिसली. वस्तू निवडणारा, पैसे देणारा, नकार देणारा आणि शेवटी पिणारा ही चार वेगळी माणसं असू शकतात. लेबल तुम्ही बाईसाठी लिहिता आणि नकाराधिकार गाडीच्या चावीपाशी असतो.

हे सगळं पुस्तकात ‘कन्झ्युमर बिहेवियर’ या नावाखाली येतं. नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल, वही मात्र घाला.

तुमच्या खऱ्या दुखण्याकडे येऊ. तुम्ही एकच ७०० मिलीची बाटली सगळ्यांना विकताय. गिऱ्हाइकांचे गट पाडून एकेका गटासाठी वेगळा विचार करायचा, हे वेंडेल स्मिथ नावाच्या अमेरिकन माणसाने १९५६ मध्ये लिहून ठेवलंय. वयोगट, उत्पन्नगट हे मोठ्या कंपन्यांचं झालं. तुमच्यासाठी गट पाडायचे ते ‘बाटली कशासाठी घेतली’ यावरून. मला तीन दिसतात.

चाकरमानी. हा स्वतःच्या घरासाठी विकत घेणार नाही, त्याची पिशवी आई बांधते, मघाशी सांगितलंच. पण ऑफिसातल्या टेबलाशेजारच्याला, सोसायटीतल्या शेजाऱ्याला, मुलीच्या बाईंना ‘गावाहून आणलंय’ म्हणून द्यायला त्याला काहीतरी हवं असतं. आणि तिथे गाठ मारलेली पिशवी चालत नाही. त्याला लहान, देखणं, न गळणारं, एकसारखं सहा-आठ नग मिळेल असं पाकीट लागतं. ७०० मिलीची एक बाटली त्याच्या काहीच कामाची नाही. हा येणार कधी, हेही आधी कळतं. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेच्या आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. म्हणजे गणपतीच्या दोन महिने आधी त्याची तारीख ठरते आणि त्याच दिवसांत तो गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘तिकीट मिळालं का’ विचारत असतो. ऑर्डर तेव्हा घ्यायची, चतुर्थीच्या आदल्या दिवशी नव्हे.

पर्यटक. गणपतीपुळे, तारकर्ली, गुहागर करून परतणारा. तो आठवण विकत घेतो आणि पुन्हा कधी येईल याचा नेम नाही. त्याच्यामागे चाळीस स्टॉल आधीच लागलेत. महामार्ग रुंद झाला, कणकवलीत तर गाड्या आता वरच्या पुलावरून निघून जातात. रस्त्याकडेच्या जागेच्या भरवशावर धंदा उभा करणाऱ्यांनी हे बघून ठेवावं.

तिसरा गट तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलात: ‘दोन खानावळवाले आगळ मागतात पण भाव पाडून मागतात.’ मला तुमच्या अख्ख्या पत्रात हीच ओळ मोलाची वाटली. खानावळीला सोलकढी रोज लागते. थंडीत लागते, जानेवारीत लागते, नेमकी तुमच्या बाटल्या पोटमाळ्यावर असतात त्या दिवसांत. श्रावणात मासळीची ताटं कमी होतात आणि पावसाळ्यात एकूणच मंदी, तेवढं धरून चाला. खानावळवाल्याला लेबल नको, काच नको. त्याला पाच लिटरचा कॅन हवा आणि दर खेपेला तोच आंबटपणा, तोच खारटपणा. त्याची खरी कटकट भावाची नसते, ‘मागच्या कॅनला कमी घातलं तरी चालायचं, या कॅनला जास्त लागतंय’ ही असते. एकसारखेपणा दिलात तर भावावर बोलता येतं. आणि पुण्याची मंडळी सोलकढीची दुसरी वाटी मागतात, तेव्हा गल्ल्यापाशी तुमची छोटी बाटली उभी असली पाहिजे. चव आधीच पटलेली आहे, जाहिरात खानावळवाल्याने ताटातच केलेली आहे.

माझा सल्ला म्हणून असा: यंदा खानावळी आणि घरगुती निवास हा पाया धरा, चाकरमान्यांसाठी गणपतीची भेट-पाकिटं करा आणि महामार्गावरचा पर्यटक सोडा. हो, सोडा. दोन माणसांचा धंदा तिन्ही गटांना पुरा पडणार नाही. कशाला हात लावायचा नाही हे ठरवणं म्हणजेच स्ट्रॅटेजी. बाकी सगळं वेळापत्रक आहे. तुमच्या जाऊबाईंना हे पटणार नाही, मे महिन्यातला रोख गल्ला डोळ्यांपुढे असतो. त्यांना दोन वर्षांचा हिशेब महिन्यावार मांडून दाखवा.

चार ‘पी’ म्हणतात ते यानंतर येतात. जेरोम मॅकार्थी यांनी १९६० मध्ये वस्तू, किंमत, जागा आणि प्रसिद्धी अशी मोळी बांधली तेव्हापासून प्रत्येक कोर्समध्ये ती घोकून घेतात. मोळी चांगली आहे. पण गिऱ्हाईक ठरल्याशिवाय ती सोडली की माणूस आधी लेबलाच्या रंगावर भांडत बसतो.

किमतीवर मात्र थोडं थांबतो, कारण ‘शेजारच्या गावापेक्षा दहा रुपये कमी ठेवतो’ असं तुम्ही अभिमानाने लिहिलंय. समजा छापील किंमत १६० रुपये आहे आणि दुकानदार २५ टक्के ठेवतो. तुमच्या हातात १२०. रातांबे, साखर, बाटली, लेबल, गॅस मिळून ८५, आणि वाहतूक, फुटतूट १० धरा. एका बाटलीमागे २५ उरले. मदतीला येणाऱ्या बाईंचा पगार, वीज, फोन असा महिन्याचा ठरलेला खर्च ६,००० असेल, तर तो भरून निघायला २४० बाटल्या जायला हव्यात. आता दहा रुपये उतरवा. छापील १५०, हातात ११२.५०, उरले १७.५०. त्याच ६,००० रुपयांसाठी ३४३ बाटल्या लागतात. गिऱ्हाइकाला सहा टक्के स्वस्त पडलं आणि तुम्हाला शंभरावर जास्त बाटल्या विकायला लागल्या, निव्वळ होतो तिथेच राहायला. आकडे तुमचे घाला, गणित हेच. सरबतात साखर रातांब्याच्या सालींच्या दुप्पट लागते, तेव्हा साखरेचा भाव हलला की हे पुन्हा करायचं.

दुसरं असं की माणसाच्या खिशात एकच पाकीट असलं तरी मनात चार असतात. रिचर्ड थेलर यांनी १९८५ मध्ये याला मनातला जमाखर्च म्हटलं. बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवर पाच रुपयांसाठी घासाघीस करणारा माणूस फिरायला आला की शहाळ्याला पन्नास देऊन वर ‘राहू दे सुट्टे’ म्हणतो. पैसे ‘किराणा’च्या पाकिटातून जाणार की ‘भेटवस्तू’च्या, यावर तीच बाटली महाग किंवा स्वस्त ठरते. चाकरमान्यासाठी तुम्ही भेटीच्या पाकिटात बसताय. तिथे अति स्वस्त असणं उलट अंगाशी येतं, स्वस्त भेट देणाऱ्यालाच लाज वाटते.

विश्वासाचा मुद्दा हापूसवाल्यांकडून शिकावा, चांगला आणि वाईट दोन्ही. आंबा कापल्याशिवाय कळत नाही. पेटीवर नाव देवगडचं आणि आत माल परराज्यातला, हे गिऱ्हाइकाने एकदा अनुभवलं की तो सगळ्याच पेट्यांना मधला भाव देऊ लागतो, आणि मग खऱ्या बागायतदाराला परवडत नाही. जॉर्ज अकेरलॉफ या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल नेमकं हेच दाखवलं होतं: विकणाऱ्याला माहीत आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात चांगला मालच आधी बाहेर पडतो. त्यावर उपाय म्हणजे गिऱ्हाइकाला तपासता येईल अशी खूण. कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे माल त्याच भागातला असल्याची सरकारी नोंद, मिळालं, सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला त्याआधी २०१६ मध्येच. पण मानांकन कोकमाला आहे म्हणून ते आपोआप तुमच्या बाटलीला लागत नाही, वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्यावी लागते. ती करा. रंग घातलेल्या सरबतापासून वेगळं दिसायला दुकानात ‘शंभर टक्के नैसर्गिक’ लिहून उपयोग नाही, ते सगळेच लिहितात. सालीचे दोन तुकडे बाटलीत दिसू द्या. चव पसंत नसेल तर बाटली बदलून देऊ, हे लेबलवर फोन नंबरसकट छापा. बदलून मागणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघतात, हा माझा अनुभव.

आंबापोळी, फणसपोळी, लोणची, लाडू वाढवू का, असंही विचारलंय. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा २००० सालचा जॅमचा प्रयोग मार्केटिंगवाले तोंडपाठ सांगतात. चोवीस प्रकार मांडले तेव्हा चव बघायला थांबणारे जास्त, पण त्यांतले ३ टक्केच घेऊन गेले. सहाच मांडले तेव्हा थांबलेल्यांपैकी ३० टक्क्यांनी घेतले. नंतर २०१० मध्ये अशा पन्नास प्रयोगांचे आकडे एकत्र केले तेव्हा सरासरी परिणाम शून्याच्या आसपास निघाला. त्यामुळे तो नियम म्हणून मी सांगणार नाही. तुमच्या बाबतीत वाण वाढवू नका याचं कारण साधं आहे: रातांबे पावसाच्या आधी महिना-दीड महिन्यात उरकायचे असतात आणि हात चारच आहेत.

आणि भाच्याचं इन्स्टाग्राम? पुढच्या वर्षी, आणि वीस हजार नाही, दोन हजार. तेही फक्त मुंबई-ठाण्यातल्या लोकांना, गणपतीच्या आरक्षणाच्या दिवसांत, ‘आठ पाकिटांचा संच, गावात घरपोच’ एवढ्या एकाच गोष्टीसाठी. किती जणांनी पसंती दिली ते मोजू नका. किती ऑर्डरी आल्या आणि एका ऑर्डरीमागे जाहिरातीचे किती पडले ते मोजा. त्याहून आधी, आतापर्यंत ज्यांनी घेतलंय त्यांचे नंबर वहीत आहेत का बघा. चार वर्षांत हातोहात माल गेला आणि घेणारा कोण हे लिहून ठेवलं नाही, असं तुमच्या पत्रावरून दिसतंय. दुसऱ्यांदा घेणारे किती, हा एकच आकडा मला दिलात तर धंदा कुठे आहे ते मी इथून सांगेन.

रातांबे लागायला अजून वेळ आहे. तोवर राजापूर ते गणपतीपुळे पट्ट्यातल्या दहा खानावळींत दुपारी अडीचनंतर जा, ताटं उरकलेली असतात आणि मालक बोलायला मोकळा असतो. आगळ कोणाकडून घेतात, किती दिवसांनी, उधारी किती दिवसांची आणि मागच्या वेळी कशावरून वाजलं, एवढंच विचारायचं. आपली बाटली पिशवीतच ठेवा. उधारीचं उत्तर आधी लिहून घ्या, कारण पंचेचाळीस दिवसांची असली तर कॅनचा भाव वेगळा लावावा लागेल.